राजधान्यांच्या क्रमाने चीन : शीआनपासून शांघायपर्यंत चौदा दिवसांच्या रेल्वेप्रवासाचे नियोजन

चीनला जाणारा आपल्याकडचा बहुतेक प्रवासी बीजिंगमध्ये उतरतो, भिंत आणि राजवाडा पाहतो, शांघायच्या उंच इमारतींची छायाचित्रे काढतो आणि परत येतो. या प्रवासात चुकीचे काही नसले, तरी त्यातून चीनचा इतिहास मात्र हाती लागत नाही, कारण तो इतिहास शहरांच्या यादीत नसून राजधानी एका शहरातून दुसऱ्या शहरात का गेली, या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे. डोंगरांनी वेढलेल्या पश्चिमेकडील खोऱ्यातून ती पूर्वेकडे सरकली, तेथून उत्तर सीमेवर गेली आणि पुढे व्यापाराचे केंद्र समुद्रकाठी येऊन स्थिरावले. हा क्रम मनात ठेवून शीआन, लोयांग, बीजिंग, नानजिंग आणि शांघाय असा मार्ग आखला, तर प्रत्येक शहर आधीच्या शहराचा पुढचा अध्याय वाटू लागते. अतिवेगवान रेल्वेमुळे हा सारा प्रवास चौदा दिवसांत, एकही अंतर्गत विमान न घेता करता येतो. तो कसा आखावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : निघण्याआधीची तयारी

भारतीय पारपत्रावर चीनला जाण्यासाठी आधी पर्यटन व्हिसा घ्यावा लागतो. हाँगकाँगचे प्रवेशनियम वेगळे आहेत. मुख्य भूमीतून हाँगकाँगला जाऊन पुन्हा मुख्य भूमीत यायचे असेल, तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा, कारण हाँगकाँगला जाणे हे चीनबाहेर पडणे मानले जाते. विमानाचे तिकीट परतीचे एकाच शहराचे न घेता, जाताना शीआन आणि येताना शांघाय असे घ्यावे. वाटेत विमान बदलावे लागले तरी चालेल. बीजिंगला उतरून पुन्हा पश्चिमेला जाण्यात जो एक दिवस जातो, तो मात्र वाचतो.

ऋतूची निवड सर्वांत महत्त्वाची. एप्रिल आणि मे हे महिने उत्तम, त्याचप्रमाणे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर. यातून १ ते ७ ऑक्टोबर आणि मेच्या पहिल्या आठवड्यातील सुट्ट्या कटाक्षाने वगळाव्यात, कारण त्या दिवसांत सारा देश प्रवासाला निघालेला असतो, रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत आणि भिंतीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. चांद्र नववर्षाच्या सुट्टीलाही हेच लागू पडते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ऑक्टोबरचा उत्तरार्ध मिळाला, तर त्याहून चांगले काही नाही. दिवाळी नोव्हेंबरात आली, तर मात्र बीजिंगसाठी जाड स्वेटर आणि कानटोपी न्यावी.

तिसरी गोष्ट पैशांची. चीनमध्ये भाजीवाल्यापासून संग्रहालयापर्यंत सगळीकडे मोबाइलवरूनच पैसे दिले जातात, पण त्यासाठी आपले यूपीआय चालेल असे गृहीत धरू नये. अलीपे किंवा वीचॅट यांपैकी निदान एक ॲप घरी असतानाच मोबाइलवर घ्यावे, पारपत्राची पडताळणी पूर्ण करावी आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारांची परवानगी असलेले कार्ड त्याला जोडावे. हे काम तेथे पोहोचल्यावर करू म्हणून ठेवले, तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि पहिल्याच संध्याकाळी पंचाईत होते. थोडे रोख युआनही जवळ असू द्यावेत. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथील नेटवर्कवर चालत नाहीत. आपल्या सिमकार्डाचे आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतले, तर मात्र ती चालतात, कारण त्यांची जोडणी चीनबाहेरून जाते. नकाशासाठी अमॅप हे स्थानिक ॲप घ्यावे. हॉटेलचे नाव आणि पत्ता चिनी लिपीत छापून खिशात ठेवण्याची जुनी युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

रेल्वेची तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात. तिकिटावरील नाव पारपत्राप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, कारण कागदी तिकीट नसते आणि पारपत्र हेच तिकीट असते. स्वयंचलित दारे अनेकदा परदेशी पारपत्र वाचत नाहीत. अशा वेळी बाजूला कर्मचारी बसलेला असतो, त्याच्या रांगेत जावे. सामानाची तपासणी, पारपत्राची तपासणी आणि विमानतळाएवढ्या मोठ्या स्थानकातील चाल लक्षात घेता, गाडीच्या निदान एक तास आधी पोहोचावे. फलाटाचे दार गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी बंद होते आणि मग कितीही विनवणी केली तरी उघडत नाही.

शाकाहारी माणसांनी एक शब्द पाठ करावा : 'सू'. मांसाविना अन्न असा त्याचा अर्थ. केवळ 'मांस नको' असे सांगून भागत नाही, कारण भाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा नूडल्स मांसाच्या रश्शातल्या असू शकतात. मोठ्या बौद्ध मंदिरांलगतच्या भोजनगृहांत संपूर्ण शाकाहारी जेवण मिळते आणि परंपरेप्रमाणे त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन कुटुंबांची तेथे उत्तम सोय होते. रेल्वेच्या प्रत्येक डब्यालगत आणि प्रत्येक स्थानकात उकळत्या पाण्याचा नळ असतो. घरून तयार पोहे-उपम्याची पाकिटे आणि एक झाकणाचा डबा नेला, की सकाळची न्याहारी गाडीतच होते.

दुसरी पायरी : शीआन, तीन दिवस

शीआन म्हणजे जुने छांगआन. चारही बाजूंनी डोंगर आणि खिंडी असलेल्या वेइ नदीच्या खोऱ्यात हे शहर वसले आहे. खिंडी अडवल्या की खोरे सुरक्षित, म्हणून पश्चिम हान, सुई आणि थांग या घराण्यांनी येथे राजधानी केली. त्याआधी छिन घराण्याची राजधानी श्येनयांगही याच खोऱ्यात होती. इ.स.पू. २२१ मध्ये आपसांत लढणारी राज्ये जिंकून एकछत्री साम्राज्य उभारणारा छिन शी हुआंग याच भूमीत इ.स.पू. २१० नंतर चिरविश्रांती घेत आहे.

पहिला पूर्ण दिवस त्याच्या मृत्तिकासैन्याला, म्हणजे समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकपुतळ्यांना द्यावा. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर लिंतोंग येथे १९७४ च्या मार्च महिन्यात शेतकरी विहीर खणत असताना भाजलेल्या मातीचे तुकडे वर आले आणि त्यातून हे सैन्य उजेडात आले. तीन खड्ड्यांत मिळून सुमारे ८,००० पुतळे असावेत असा अंदाज असून, त्यांतील मोठा भाग आजही मातीखालीच ठेवलेला आहे. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हे पुतळे मुळात रंगवलेले होते, पण बाहेरच्या कोरड्या हवेत आल्यावर रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांतच आक्रसून सुटू लागतो. सम्राटाची मुख्य समाधीही याच कारणाने अद्याप उघडलेली नाही. हाती साधन येईपर्यंत जमिनीलाच जपू द्यावे, हा संयम मला या स्थळाइतकाच मोठा वाटतो.

पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा. आधी तिसरा खड्डा, मग दुसरा आणि शेवटी पहिला. तिसरा लहान आहे, ती सेनापतींची छावणी मानली जाते. पहिला सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. तो आधी पाहिला, तर बाकीचे दोन फिके वाटतात. दुसऱ्या खड्ड्यातून निघालेला गुडघ्यावर बसलेला धनुर्धारी काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. बहुतेक लोक त्याचा चेहरा पाहून पुढे जातात. आपण मात्र त्याच्या मागच्या बाजूला जाऊन वाकावे आणि त्याच्या उचललेल्या पायाच्या बुटाचा तळ पाहावा. त्या तळावर शिवणीचे टाके कोरलेले आहेत. पुढच्या चवड्याशी आणि टाचेशी ते दाट आहेत, मधल्या भागात विरळ, अगदी खऱ्या बुटाला झिजेच्या जागी घालावेत तसे. मातीखाली कायमचे गाडायच्या पुतळ्याच्या तळव्यावर कारागिराने एवढी मेहनत घेतली आहे. त्या एका तळव्यापाशी पाच मिनिटे थांबलेल्या माणसाला छिन राज्याच्या शिस्तीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरकोट. आजचा कोट मिंग घराण्याने चौदाव्या शतकात बांधला असून त्याचा परीघ १३.७ किलोमीटर आणि उंची १२ मीटर आहे. वरची वाट एवढी रुंद आहे की सायकली भाड्याने मिळतात आणि निवांत चालवत दीड-दोन तासांत फेरी पूर्ण होते. दक्षिण दरवाजाने चढावे. त्याच भागात 'पैलिन', म्हणजे शिलालेखांचे वन, हे संग्रहालय आहे. तेथे इ.स. ८३७ मध्ये पूर्ण झालेले कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांचे शिलापाठ उभे आहेत, आणि चीनमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचल्याची नोंद असलेला इ.स. ७८१ चा शिलालेखही. दुपारनंतर घंटाघर आणि नगारखाना पाहून मुस्लिम मोहल्ल्यात शिरावे. तेथील मोठी मशीद अवश्य पाहावी. तिला घुमट नाही, उंच मिनार नाहीत. अंगणामागून अंगणे, उतरती चिनी छपरे आणि मनोऱ्याऐवजी लाकडी पॅगोडा, अशी तिची रचना आहे. रेशीममार्गाने आलेला धर्म या मातीत कसा मुरला, हे तेथे दगड-लाकडात दिसते. या मोहल्ल्यातील 'ल्यांगफी' हा गार नूडल्सचा प्रकार व्हिनेगर, मिरचीचे तेल आणि काकडी घालून देतात आणि तो शाकाहारी मिळू शकतो.

तिसरा दिवस मराठी वाचकासाठी खास आहे. शहराच्या दक्षिणेला असलेला महाहंस पॅगोडा इ.स. ६५२ मध्ये एका भिक्षूने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी बांधला गेला. तो भिक्षू म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण ज्याचे नाव ह्युएन त्संग असे वाचले, तोच. इ.स. ६४५ मध्ये तो छांगआनला परतला, तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. त्याच्या प्रवासवृत्तांतात 'मो-हो-ल-छ' नावाचा देश येतो. तो देश म्हणजे महाराष्ट्र. तेथील राजा पुलकेशी असून कनौजच्या हर्षालाही त्याला नमवता आले नाही, असे तो लिहितो. येथील लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत आणि सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी सूचना देतात, असेही त्याने नोंदवले आहे. देशाच्या पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे जे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचे असल्याचे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आपण पाहिलेले असतात. पॅगोड्याच्या सात मजल्यांच्या जिन्याने वर जाऊन दक्षिणेकडे पाहताना, या माणसाने आपला मुलूख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, ही जाणीव सोबत असू द्यावी.

तिसरी पायरी : लोयांग, दोन दिवस

शीआन उत्तर स्थानकावरून लोयांग साधारण दीड-दोन तासांवर आहे. शीआनचे खोरे सुरक्षित होते, पण वाढत्या राजधानीला पुरेल एवढे धान्य तेथे पिकत नव्हते, आणि पीत नदीच्या खळाळांतून धान्याची गलबते वर ओढणे फार कष्टाचे होते. लोयांग या खळाळांच्या अलीकडे, मैदानाच्या तोंडाशी आहे. दुष्काळाच्या वर्षी थांग सम्राट दरबारासह लोयांगला येऊन राहत, ते धान्याच्या मागे. राजधानी का हलते, याचे पहिले उत्तर येथे मिळते.

गाडी 'लोयांग लोंगमन' स्थानकावर उतरवते आणि तेथून लोंगमनची लेणी जवळच आहेत. उत्तर वेइ घराण्याने इ.स. ४९३ च्या सुमारास राजधानी लोयांगला आणली आणि त्याच वेळी यी नदीच्या काठच्या कड्यात खोदकाम सुरू झाले. पुढील चार शतकांत सुमारे २,३०० लहानमोठी लेणी व कोनाडे आणि एक लाखाहून अधिक मूर्ती घडल्या. अजिंठ्याची महायान लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील. म्हणजे वाघूर नदीच्या वळणावर छिन्नी थांबण्याच्या सुमारास यी नदीच्या काठी ती सुरू झाली. मात्र तुलना करताना दगडातील फरक ध्यानात घ्यावा. अजिंठा आणि वेरूळ येथे कठीण काळा बेसाल्ट आहे, त्यात सभागृहेच्या सभागृहे पोखरून काढली गेली. लोंगमनचा दगड चुनखडीचा. त्यात बोटभर उंचीच्या मूर्तीवरही वस्त्राची चुणी उमटवता येते, पण तो पाण्याने झिजतो आणि सहज फोडता येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील असंख्य मूर्तींची शिरे तोडून परदेशी बाजारात विकली गेली. त्या रिकाम्या माना पाहताना गलबलून येते.

येथे सकाळी लवकर यावे. पश्चिम काठावरील मुख्य लेण्यांवर सकाळचे ऊन पडते. पिनयांग लेणी, मग हजारो बुद्धांचे लेणे, मग औषधींचे लेणे, ज्याच्या दारावर सुमारे १४० औषधी पाठ कोरलेले आहेत, असे करत फंगश्यान मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. वर १७.१४ मीटर उंचीचा वैरोचन बुद्ध बसलेला आहे. इ.स. ६७५ मध्ये तो पूर्ण झाला आणि त्याच्या खर्चासाठी सम्राज्ञी वू झत्येन हिने आपल्या प्रसाधनाच्या रकमेतून २०,००० माळा नाणी दिल्याची नोंद तेथे कोरलेली आहे. मूर्तीचा चेहरा तिच्याच चेहऱ्यावरून घेतला, अशी लोकसमजूत आहे. बहुतेक गट येथूनच मागे फिरतात. आपण पूल ओलांडून पूर्व काठावर जावे, कारण संपूर्ण कडा, त्यातील मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे आणि मध्यभागी बसलेला तो बुद्ध हे दृश्य केवळ पलीकडूनच एका नजरेत येते.

दुसऱ्या दिवशी श्वेताश्व मंदिर. हान सम्राट मिंग याने इ.स. ६८ मध्ये ते बांधले अशी परंपरा आहे आणि चीनमधील पहिले बौद्ध मंदिर म्हणून ते पूज्य आहे. पांढऱ्या घोड्यांवर ग्रंथ लादून आलेले काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू येथे राहिले आणि येथेच त्यांच्या समाध्या आहेत. महादारातून आत गेल्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत त्या आहेत. गर्दी सरळ मुख्य मंदिराकडे जात असल्याने त्या नजरेतून सुटतात. परिसराच्या पश्चिमेला सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवरील भारतीय शैलीचे मंदिर आहे. त्याचे उद्घाटन २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. एप्रिलमध्ये गेल्यास लोयांगची प्रसिद्ध पिओनीची फुले बहरलेली मिळतात. मात्र त्या दिवसांत हॉटेले आधीच भरतात.

वाटेवरचा थांबा : शिजियाझुआंग

लोयांगहून बीजिंगला जाणारी गाडी शिजियाझुआंगवरून जाते. पर्यटनाच्या पुस्तकांत या औद्योगिक शहराला सहसा जागा नसते. तरीही सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी येथे असल्याने मराठी माणसाने येथे अर्धा दिवस उतरावे, असे मी आग्रहाने सांगेन. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारताने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस आघाडीवरच राहिले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलाचे नाव त्यांनी यिनहुआ ठेवले होते. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

सामान स्थानकावर ठेवण्याची सोय असते. टॅक्सीचालकाला 'हुतात्मा स्मृतिउद्यान' हे शब्द चिनीत दाखवावेत, आणि डॉक्टरांचे चिनी नाव 'ख तीहुआ' सांगावे. त्या नावाने अनेक चिनी माणसे, विशेषतः वडीलधारी मंडळी, त्यांना ओळखतात. एप्रिलच्या आरंभी पितरांच्या सणाला शाळेची मुले या उद्यानात फुले वाहायला येतात. पुढची गाडी पकडल्यावर बीजिंग तास-दीड तासावर आहे.

चौथी पायरी : बीजिंग, चार दिवस

उत्तर सीमेला खेटून असलेले हे शहर राजधानीसाठी मुळात गैरसोयीचे. तेराव्या शतकात कुब्लाई खानाने येथे आपली राजधानी वसवली, कारण त्याचे बळ उत्तरेच्या गवताळ प्रदेशात होते. मिंग घराण्याच्या योंगल सम्राटाने पुतण्याकडून गादी हिसकावल्यावर नानजिंग सोडून १४२१ मध्ये राजधानी येथे आणली. बीजिंग ही त्याची जुनी जहागीर होती आणि मंगोलांवर नजर ठेवायची तर येथेच राहणे भाग होते. दक्षिणेचे तांदूळ हांगझोऊपासून येणाऱ्या महाकालव्याने वर येत. धान्याचा प्रश्न कालव्याने सोडवला म्हणूनच राजधानी उत्तरेला टिकली.

राजवाड्याचे, म्हणजे निषिद्ध नगरीचे, तिकीट सात दिवस आधी खुले होते आणि गर्दीच्या दिवसांत लगेच संपते. दाराशी तिकीट मिळत नाही. सोमवारी राजवाडा बंद असतो, हे लक्षात घेऊनच बीजिंगचे चार दिवस आखावेत. थ्यानआनमन चौकासाठीही वेगळी आगाऊ नोंदणी लागते. प्रवेश फक्त दक्षिणेच्या मध्याह्न द्वारातून, बाहेर पडणे उत्तरेकडून. १४०६ ते १४२० या काळात बांधलेल्या या नगरीत मिंग आणि छिंग घराण्यांचे २४ सम्राट राहिले. मधल्या अक्षावरून सगळे चालतात. त्यावरून चालताना तिसऱ्या मोठ्या सभागृहाच्या मागे जाऊन पायऱ्यांच्या मधोमध बसवलेली ड्रॅगनची अखंड शिळा पाहावी. १६ मीटरहून लांब असलेली ही शिळा हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून, त्याचा बर्फ करून, त्यावरून ओढत आणली गेली. त्यानंतर अक्ष सोडून ईशान्येकडील रत्नदालनाकडे वळावे. तेथे गर्दी विरते आणि नऊ ड्रॅगनांची रंगीत भिंत निवांत पाहता येते. उत्तर दाराने बाहेर पडल्यावर समोरच चिंगशान टेकडी आहे, खंदकाच्या मातीतून उभी केलेली. १६४४ मध्ये मिंग घराण्याच्या शेवटच्या सम्राटाने याच टेकडीवर गळफास घेतला. संध्याकाळी वर चढले, की सोनेरी छपरांचा सारा पट पायाखाली दिसतो.

भिंतीसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीनुसार सर्व घराण्यांच्या भिंतींची एकूण लांबी २१,१९६ किलोमीटर भरते, म्हणून 'भिंत' हा शब्द खरे तर अनेकवचनी हवा. पाडालिंगला अतिवेगवान रेल्वे थेट जाते, पण गर्दीही तेथेच सर्वाधिक असते. वृद्ध किंवा गुडघेदुखीची माणसे सोबत असतील, तर मुथ्यान्यू निवडावे. हा भाग शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर असून रज्जुमार्गाने वर जाता येते, झाडी भरपूर आहे आणि २३ बुरूज सलग पाहता येतात. चढउतार आणि एकांत आवडणाऱ्यांनी चिनशानलिंगला जावे. कोणत्याही ठिकाणी सकाळी दार उघडताच पोहोचावे आणि विटांमधल्या पांढऱ्या दर्जांवरून बोट फिरवून पाहावे. मिंग काळातील चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत असत आणि त्यातील पिष्टामुळे सांधे घट्ट व जलरोधक होत. आपल्या गडांवर चुन्याचा घाणा पाहिलेल्या माणसाला हे कौशल्य लगेच आपलेसे वाटेल.

उरलेल्या दोन दिवसांत स्वर्गमंदिर आणि उन्हाळी राजवाडा. स्वर्गमंदिराला सकाळी सातच्या सुमारास जावे, कारण त्या वेळी बागेत निवृत्त मंडळी ताई ची करत, गात आणि पत्ते खेळत असतात. सुगीसाठी प्रार्थना करण्याचे गोल सभागृह ३८ मीटर उंच असून ते २८ लाकडी खांबांवर उभे आहे. आतले चार खांब ऋतूंचे, पुढचे बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे. उन्हाळी राजवाड्यात ७२८ मीटर लांबीची चित्रित वीथिका आहे. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने हा परिसर जाळला आणि पुढे सम्राज्ञी त्सशी हिने तो पुन्हा उभारला.

पाचवी पायरी : नानजिंग आणि हांगझोऊ, एकेक दिवस

बीजिंग दक्षिण स्थानकावरून नानजिंग सुमारे चार तासांवर आहे. येथे आपला कालक्रम थोडा मोडतो, कारण मिंग घराण्याची पहिली राजधानी ही होती आणि बीजिंग नंतरची. परंतु भूगोलापुढे इलाज नाही. नानजिंगचा सुमारे २५ किलोमीटर उरलेला नगरकोट मला शीआनच्या कोटाहून अधिक बोलका वाटतो. 'चुंगहुआ' दरवाजापाशी भिंतीच्या अगदी जवळ जाऊन विटांच्या कडा पाहाव्यात. त्यांवर प्रांत, जिल्हा, देखरेख करणारा अधिकारी आणि वीट भाजणारा कुंभार यांची नावे उमटवलेली आहेत. वीट फुटली, तर जबाबदार कोण हे शोधता यावे, म्हणून ही व्यवस्था. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका सामान्य कुंभाराचे नाव अशा रीतीने दक्षिण चीनच्या पावसात टिकून आहे.

दुपारी जपानी सैन्याने केलेल्या १९३७ च्या नरसंहाराचे स्मारक पाहावे. प्रवेश निःशुल्क आहे, आगाऊ नोंदणी लागते आणि सोमवारी ते बंद असते. लहान मुलांना नेण्याआधी विचार करावा. आतील शांतता पाळावी, छायाचित्रांचा मोह टाळावा.

हांगझोऊ ही दक्षिण सोंग घराण्याची राजधानी आणि महाकालव्याचे दक्षिण टोक. पश्चिम सरोवराच्या काठाने सकाळी चालावे आणि मग लिंगयिन मंदिराला जावे. चौथ्या शतकात हुइली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय भिक्षूने त्याची स्थापना केली. समोरची टेकडी भारतातून उडून आली, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे आणि म्हणून तिचे नाव 'उडून आलेले शिखर' असे पडले. ज्यांना मंदिरांपेक्षा बागा प्रिय आहेत, त्यांनी हांगझोऊऐवजी सुझोऊ निवडावे. एका दिवसात दोन्ही करण्याचा हट्ट मात्र धरू नये.

सहावी पायरी : शांघाय, दोन दिवस

आधीची सारी शहरे सम्राटांच्या इच्छेने मोठी झाली, शांघाय मात्र एका पराभवातून. पहिल्या अफूयुद्धानंतर १८४२ च्या नानजिंग तहाने जी पाच बंदरे इंग्रजांसाठी उघडली गेली, त्यांपैकी हे एक. मुंबईचा येथे जवळचा संबंध आहे आणि तो अभिमानाचा नसला तरी माहीत असलाच पाहिजे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारातून मुंबईतील अनेक व्यापारी घराणी गब्बर झाली. त्यांतील ससून घराण्याचे नाव आपण कुलाब्याच्या ससून गोदीमुळे आणि पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे रोज घेतो. शांघायच्या बंड या नदीकाठावरील हिरव्या पिरॅमिडच्या छपराची इमारत, जी आज पीस हॉटेल म्हणून ओळखली जाते, ती १९२९ मध्ये व्हिक्टर ससून यांनी बांधलेले ससून हाउस होय.

बंड दोनदा पाहावा. सूर्योदयाच्या सुमारास काठ रिकामा असतो, तेव्हा १९२३ ची जुनी हाँगकाँग-शांघाय बँक आणि शेजारचे १९२७ चे सीमाशुल्क भवन नीट न्याहाळता येते. रात्री तेथूनच पलीकडच्या फूतोंगचे दिवे पाहावेत, आणि नदी ओलांडताना पर्यटक बोगद्याऐवजी साधी प्रवासी होडी घ्यावी, जी अगदी थोड्या पैशांत तेच दृश्य पाण्यावरून दाखवते. ६३२ मीटर उंच शांघाय टॉवरवर जायचे, तर हवा स्वच्छ आहे का हे पाहूनच तिकीट काढावे, कारण ढगाळ दिवशी वर केवळ पांढरे धुके दिसते. दुसऱ्या दिवशी सोळाव्या शतकातील यू बाग, जुन्या फ्रेंच वसाहतीतील झाडांच्या सावलीतले रस्ते आणि शांघाय संग्रहालयातील काशाची प्राचीन भांडी, एवढे पुरे.

परतीच्या दिवशी फूतोंग विमानतळाला जाण्यासाठी लोंगयांग मार्ग स्थानकावरून चुंबकीय रेल्वे घ्यावी. ३० किलोमीटरचे अंतर ती सुमारे आठ मिनिटांत कापते आणि त्याच दिवसाचे विमानाचे तिकीट दाखवल्यास भाड्यात सवलत मिळते. मेट्रोने त्या स्थानकापर्यंत पोहोचण्याचा वेळ धरून, उड्डाणाच्या निदान चार तास आधी हॉटेल सोडावे.